मी राखेचा डबा का सोडला

मी एक जुनी मांजर आहे. माझे नाव कवडी. पांढऱ्या अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून हे नाव. आता ठिपके फिकट झाले आहेत आणि एका कानाने मला ऐकू येत नाही. धुळ्याला देवपुरात, एका घराच्या वरच्या मजल्यावर, गॅलरीत ऊन येते तिथे मी पडून असते. ऊन सरकले की मीही सरकते. एवढेच माझे काम उरले आहे.

मित्रांनो, एके काळी आमच्या गल्लीत माझे नाव फार खराब झाले होते. ही मांजर बिघडली, हिने आपला डबा सोडला, आता घरभर घाण करते, असे लोक म्हणत. ते खोटे नव्हते. मी डबा सोडला होता. पण का सोडला हे कोणी विचारले नाही, आणि मला सांगता येत नव्हते. त्याच दिवसांत आमच्या घरात आणखी एक जण होते, त्यांना सांगता येत होते, पण तेही सांगत नव्हते. आमच्या दोघांचे काय झाले ते ऐका.

माझा जन्म पिंपळनेरच्या एस.टी. स्टँडवर, जुन्या टायरांच्या ढिगात झाला. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या पोटाची ऊब आठवते. एका थंडीच्या दिवशी मी उभ्या असलेल्या बसमध्ये शिरले आणि ड्रायव्हरच्या सीटमागे झोपून गेले. जाग आली तेव्हा बस साक्री ओलांडून धुळ्याकडे चालली होती. मी ओरडत राहिले. ड्रायव्हरने ते ऐकले, पण बस थांबवली नाही. धुळ्याला सगळे प्रवासी उतरल्यावर त्यांनी मला मानेला धरून बाहेर काढले, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातले आणि सायकलला अडकवून पांझरा नदीच्या पुलावरून घरी आणले.

ते ड्रायव्हर म्हणजे रुपचंद नाना. त्यांच्या बायकोचे नाव ताईबाई. पिशवी उघडून त्यांनी अहिराणीत विचारले, "हाई काय आनं?"

"गाडीमा भेटनी," नाना म्हणाले.

ताईबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. माझ्या अंगाला डिझेलचा वास येत होता. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि वाटीत दूध दिले. त्यावर आणखी काही बोलणे झाले नाही. मी त्या घरची झाले.

घर वरच्या मजल्यावर होते आणि खाली गल्लीत कुत्री होती. त्यामुळे मला नैसर्गिक विधीसाठी बाहेर जाता येईना. समोरच हनीफभाईंचे पत्र्याचे दुकान होते. ते डबे, कोठ्या, गाळण्या बनवत. ताईबाईंनी त्यांच्याकडून गोडेतेलाचा एक रिकामा डबा आडवा कापून घेतला. माझे पंजे कापू नयेत म्हणून हनीफभाईंनी कडा आत दुमडून ठोकून दिल्या. ताईबाईंनी तो गॅलरीच्या कोपऱ्यात, पडद्याआड ठेवला. घरात आंघोळीच्या पाण्याचा बंब होता. त्याची गार झालेली राख त्या चाळून डब्यात घालत आणि वर पांझरेची थोडी वाळू टाकत. रोज सकाळी जुनी राख जाई, नवी येई.

मित्रांनो, मांजराला डब्यात जायला कोणी शिकवत नाही. पायाखाली मऊ, कोरडे, उकरता येईल असे काही लागले की आमचे पंजे आपोआप उकरू लागतात. कोपरा शांत हवा, आणि कोणी अंगावर आले तर पळायला वाट हवी. झाकून टाकले की बरे वाटते. आमची समजूत एवढीच आहे. पण ताईबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगत, "मन्ही कवडी मानसंसपेक्षा शहानी शे." पाहुणे हसत. मी पाय चाटत बसे.

ती वर्षे चांगली गेली. नाना ड्यूटीवरून आले की खाटेवर आडवे होत आणि मी त्यांच्या पोटावर. त्यांचा मुलगा भटू जळगावला पाइपांच्या कारखान्यात कामाला लागला. तो शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. त्याचे लग्न झाले. त्याची बायको प्रमिला धुळ्याचीच होती. ती सकाळी बालवाडीत शिकवायला जाई. तिला मांजरांची फारशी आवड नव्हती, पण तिने मला कधी हाकलले नाही. चालताना पायात आले तर नुसते "सरक गं," म्हणायची.

नाना निवृत्त झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी ताईबाई कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या. खाली आल्या त्या चार जणांच्या हातांवर. घर माणसांनी भरले, मग रिकामे झाले. मी त्यांच्या गोधडीवर बसून होते. मला कोणी उठवले नाही.

नाना रडले नाहीत. ते खाटेवर बसून राहत. समोर ठेवलेला चहा गार होई, त्यावर साय धरे, तरी तो तसाच असे. प्रमिलाने विचारले, "नाना, जेवता का?" तर ते जेवत. नाही विचारले तर बसून राहत. मी त्यांच्या मांडीवर चढले तर त्यांचा हात माझ्या पाठीवर येई, पण तो फिरत नसे. नुसता पडून राही. मीही तशीच पडून राही. आम्हा दोघांना काही वाटत नव्हते. किंवा काय वाटते ते कळत नव्हते.

घरात बदल होत गेले. ते वाईट हेतूने झाले नाहीत. बंबाच्या धुराने प्रमिलाचे डोळे चुरचुरत आणि बालवाडीची वेळही गाठायची असे. म्हणून भटूने जळगावहून पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला. बंब विकला गेला. बंब गेला तशी राखही गेली. प्रमिलाने शेजारच्या बांधकामावरून बारीक कच आणून डब्यात घातली. ती दगडाची. पायांना टोचे. उकरले की पत्र्यावर कर्रकर्र वाजे. तरी मी जात राहिले.

मग भेटायला येणारी माणसे गॅलरीत बसू लागली. त्यांना वास येऊ नये म्हणून माझा डबा तिथून उचलून मोरीत ठेवला गेला. त्याच मोरीत पाणी वर ओढायची मोटर होती. शिवाय डबा रोज साफ करायला प्रमिलाला वेळ होईना. ती तीन-चार दिवसांनी करी, आणि मग त्यात भरपूर फिनेल ओती. तुम्हाला तो वास स्वच्छ वाटतो. माझ्या नाकाला तो थप्पड मारल्यासारखा लागे.

एके सकाळी मी डब्यात बसलेली असताना प्रमिलाने बाहेरून मोटरचे बटण दाबले. मोटर धडधडली. पत्र्याचा डबा माझ्याखाली थरथरू लागला. मी उडी मारली आणि ओल्या फरशीवरून घसरून दारावर आपटले. त्या दिवसापासून मोरीच्या दारापर्यंत गेले की माझे पाय थांबत. मी परत फिरे. दिवस दिवस लघवी धरून ठेवी. आणि धरून ठेवता ठेवता माझ्या पोटात दुखणे सुरू झाले. अगदीच असह्य झाले की मी डब्यात जाऊन बसे, तेव्हा आग होई. काही थेंब पडत. पुन्हा बसे, पुन्हा आग. मला वाटले, हा डबाच मला भाजतो आहे. मांजर असाच विचार करते. जिथे दुखले ती जागा वाईट.

मोरीत मी एकटी नव्हते. नानाही सारखे यायचे. ते भिंतीला एक हात टेकून उभे राहत आणि खूप वेळ वाट पाहत. काहीच होत नसे. मग थोडेसे होई. ते दात आवळत. बाहेर जाऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा येत. मी दाराशी बसून पाहत असे. ते माझ्याकडे पाहत, मी त्यांच्याकडे. आणि आम्ही दोघे बाहेर येत असू.

मी मऊ जागा शोधली. नानांच्या खाटेखाली ताईबाईंची ती गोधडी घडी करून ठेवली होती. मी तिच्यावर गेले. मऊ होते, आवाज नव्हता. तरीही दुखलेच.

प्रमिलाला दुपारी ते दिसले. तिने गोधडी उचलली, हुंगली आणि खाली बसली. मग उठून केरसुणी घेतली आणि माझ्या पाठीत मारली. तिने मला मारले ते तेवढ्याच एका वेळी. "आईंचीच गोधडी सापडली का तुला?" ती म्हणाली. गोधडी धुताना ती रडत होती. मी कपाटावर जाऊन बसले. पाठ दुखत होती. पोट त्याहून जास्त दुखत होते.

पुढे मी पायपुसण्यावर गेले, कपड्यांच्या ढिगावर गेले. घरात वास राहू लागला. शेजारी नाक मुरडू लागले. कोणी म्हणे, मालकीण गेल्याचा राग काढते आहे. कोणी म्हणे, म्हातारी झाली, डोके फिरले. मला राग आलेला नव्हता. माझे डोकेही फिरले नव्हते.

आणि मग एके सकाळी नानांची गादी ओली निघाली.

ते माझे काम नव्हते. मी तेव्हा कपाटावर होते. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. प्रमिला चहा घेऊन आली. तिने गादी पाहिली, चादरीला हात लावला. ती काही विचारण्याआधीच नाना म्हणाले, "मांजरनी करं."

प्रमिलाने वर माझ्याकडे पाहिले. नानांनी पाहिले नाही. मी डोळे मिटले आणि उघडले. मित्रांनो, तुम्ही म्हणाल की तुला वाईट वाटले असेल. नाही वाटले. कोणाचे ओले कोणाच्या नावावर जाते, हे मला तेव्हा समजत नव्हते. मला एवढेच समजले की त्या दिवशी मला दूध मिळाले नाही.

त्यानंतर गादी पुन्हा पुन्हा ओली होऊ लागली. दर वेळी नाना तेच म्हणत. आवाज मात्र दर वेळी आणखी खाली जाई.

शनिवारी भटू आला. त्याने सगळे ऐकले. तो मुळात कडक नव्हता, पण आठवडाभर राबून आलेल्या माणसाला घरात पाय ठेवताच तो वास आला होता. "पोत्यात घालतो आणि नदीपलीकडे सोडून येतो," तो म्हणाला. "नाना, तुमचं काय म्हणणं?"

नाना खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी होते. त्यांनी पाय थोडा बाजूला घेतला.

"तुले वाटी तसं कर," ते म्हणाले.

त्या वेळी हनीफभाईंच्या पत्नी रईसाभाभी चाळणी परत द्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी भटूच्या हातातले पोते पाहिले. "नदीवर नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "आम्हाला द्या. दुकानात उंदीर झालेत बहोत." भटूने मला उचलून त्यांच्या हातात दिले. तो जिन्यातच थोडा वेळ उभा राहिला. मग पोते घडी करून ठेवले.

अशी मी रस्ता ओलांडून समोर गेले. पत्र्याच्या दुकानात दिवसभर ठोकठोक चाले. पण मागच्या अंगणात कोळशाची शेगडी होती, आणि तिच्या बाजूला थंड राखेचा ढीग. मी तिथे गेले. पंजे आपोआप उकरू लागले. तिथे मोटर नव्हती, फिनेल नव्हते. मी त्याच राखेत जाऊ लागले, दुसरीकडे कुठेच गेले नाही. आग मात्र होतच राहिली. दुखणे माझ्याबरोबरच रस्ता ओलांडून आले होते.

दुकानाच्या फळीवर बसले की आमची गॅलरी समोर दिसे. रोज सकाळी प्रमिला बाहेर येई आणि कठड्यावर गादी वाळत टाके. गादीवर मोठा ओला डाग असे. मी समोर होते, घरात नव्हते, तरी डाग होता. पहिल्या दिवशी तिने गादी टाकली आणि तिची नजर माझ्याकडे गेली. ती तिथेच थांबली. बराच वेळ ती मला पाहत राहिली. मग आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती गादी डागाची बाजू आत करून टाकू लागली.

रईसाभाभीही दुकानात बसून डबे पुसत असत. त्यांना गादी दिसत होती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईने एकदा विचारलेच, "मांजर तर तुमच्याकडे दिली ना? मग यांची गादी रोज कशी ओली?" रईसाभाभी म्हणाल्या, "वरून पाणी गळत असेल," आणि पुसायचा पुढचा डबा ओढला.

काही दिवसांनी प्रमिला दुकानात आली. बालवाडीतून परस्पर आली होती. खांद्याची पिशवीही तिने उतरवली नाही.

"भाभी, कवडीला परत न्यायला आले," ती म्हणाली.

"काय झालं?"

"नानांना करमत नाही तिच्याशिवाय."

ते अर्धे खरे असेल. पण मी तिथेच होते आणि तिचा चेहरा मी पाहिला. मी घरात नसले की नानांना सकाळी म्हणायला काही उरत नव्हते. नाना खाटेपासून हलतच नव्हते, पाणी पीत नव्हते, तिच्याकडे मान वर करून पाहत नव्हते. म्हणून ती मला न्यायला आली होती. घरात ज्याच्या नावावर ढकलता येईल असे कोणीतरी असावे, म्हणून.

रईसाभाभींनी कठड्याकडे पाहिले आणि प्रमिलाकडे पाहिले. "ने," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. हिला तकलीफ आहे. बसते, उठते, पुन्हा बसते. राखेवर रक्त दिसलं मला. आमच्याकडे हिनं कुठं घाण केली नाही. जनावरांच्या दवाखान्यात दाखव."

प्रमिलाने मला उचलले. तिने मला एवढे जवळ कधी घेतले नव्हते. "रक्त?" ती म्हणाली. आणि माझ्या पोटाला हळूच हात लावला. मी ओरडले. तिने हात काढून घेतला.

घरी नाना खाटेवर होते. प्रमिलाने मला खाली ठेवले. त्यांनी मला पाहिले आणि त्यांची मान आणखी खाली गेली.

"हिला दवाखान्यात नेते आहे उद्या," प्रमिला म्हणाली. "दुखतंय तिला. लघवीतून रक्त येतं."

नानांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "मी बी येस. टोपलं कोन धरी?"

ताईबाई गेल्यापासून नाना घराबाहेर पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला पायजमा आणि जुना खाकी शर्ट घातला. मला टोपलीत ठेवून वर प्रमिलाची जुनी ओढणी बांधली. रिक्षात नानांनी टोपली मांडीवर घेतली. ओढणीच्या विणीतून मला त्यांची हनुवटी दिसत होती.

दवाखान्याच्या आवारात बैल, शेळ्या, एक पाय मोडलेले वासरू होते. मांजर मी एकटीच. काही लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि पोट दाबून पाहिले. मी त्यांच्या हाताला चावले.

"घाण करते म्हणून आणली की आजारी आहे म्हणून?" त्यांनी विचारले.

"आधी घाणच वाटली," प्रमिला म्हणाली. "डब्यात जात नव्हती. इकडेतिकडे करायची."

"डबा कुठं असतो? त्यात काय घालता?"

प्रमिलाने सगळे सांगितले. राख गेली ते, कच आणली ते, मोरीतली मोटर, फिनेल. सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. डॉक्टर हात धूत ऐकत होते.

"हे बघा, हिच्या लघवीच्या पिशवीला सूज आहे," ते म्हणाले. "जागा आवडेना म्हणून धरून ठेवत असेल, त्यानं वाढलं असेल. लघवी करताना आग होते. जनावराला वाटतं डब्यानंच दुखतं, म्हणून ते डबा सोडतं. मुद्दाम कोणी करत नाही असं. मारलं असेल तर आणखी लपून करेल. औषध देतो. राख द्या, शांत जागा द्या, पाणी भरपूर पाजा."

"बरी व्हई का पन?" नानांनी विचारले. ते तोपर्यंत भिंतीशी उभे होते.

"होईल की."

"कापनं पडस का?"

"नाही आजोबा. गोळ्यांनी होईल. वेळेत आणलीत."

"उशीर व्हयना तर?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले. "उशीर झाला तर लघवी तुंबते. मग जिवावर बेतू शकतं. दुखणं अंगावर काढायचं नसतं."

"वय झायं म्हनीसन नही व्हस ना हाई?"

"वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं," डॉक्टर म्हणाले आणि औषध लिहायला बसले.

परत येताना रिक्षा पांझरेच्या पुलावर आली. पुढे बैलगाडी होती, म्हणून रिक्षा हळू चालली होती. नानांची बोटे ओढणीखालून आत आली आणि माझ्या कानामागे फिरू लागली. ताईबाई गेल्यापासून तो हात पहिल्यांदाच फिरत होता.

"प्रमिला," ते म्हणाले.

"हं, नाना?"

"माले बी तसंच दुखस."

प्रमिलाने त्यांच्याकडे तोंड वळवले.

"लई दिवस व्हयनात. माले बी डॉक्टरले दखाडी आन." मलाही दाखवून आण, असे ते म्हणत होते. बोलताना ते नदीकडे पाहत होते. नदीत पाणी फार नव्हते.

"आजच जाऊ," प्रमिला म्हणाली. "हिला घरी ठेवू आणि तसंच पुढं जाऊ." मग तिने पदराने डोळे पुसले आणि रिक्षावाल्याला, थोडं लवकर घ्या, असे सांगितले.

त्या दिवशी ते दोघे संध्याकाळी परत आले. नानांना आतून गाठ झाली होती, म्हातारपणी पुरुषांना होते तशी, आणि तिने लघवीची वाट दाबली होती. ऑपरेशन करावे लागणार होते. आणखी थांबले असते तर मूत्रपिंडे गेली असती, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याचे प्रमिला रईसाभाभींना दारात सांगत होती. नाना खाटेवर बसून होते. पण त्या दिवशी त्यांनी समोर ठेवलेला चहा गरम असतानाच प्यायला.

शनिवारी भटू आला. मी दारातच होते. "ही परत कशी आली?" त्याने चप्पल काढता काढता विचारले. "पुन्हा गाद्या खराब करायला?"

प्रमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती काहीतरी सांगणार होती. नानांनी हात वर करून तिला थांबवले.

"भटू, गादी तिनी नही वल्ली करी," ते म्हणाले. "मी करी. नाव मातर मांजरनं सांगं."

भटू एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभा राहिला. खालून हनीफभाईंची ठोकठोक ऐकू येत होती. मग भटूने ती चप्पल खाली ठेवली, खाटेवर नानांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"लाज वाटनी," नाना म्हणाले.

त्यांचे ऑपरेशन झाले. भटू रजा काढून दवाखान्यात राहिला. नाना काठी टेकत घरी आले आणि हळूहळू काठीही सुटली. पुढे कितीतरी वर्षे ते सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचत. गादी कठड्यावर उन्हाला पडे ती फक्त सणाच्या आधी.

माझा डबा गॅलरीच्या कोपऱ्यात परत आला. प्रमिला हनीफभाईंच्या शेगडीची राख आणते. तो पुन्हा आला म्हणून मी लगेच गेले असे नाही. कितीतरी दिवस मी लांबून हुंगून परत फिरत असे. प्रमिला पाही आणि काही म्हणत नसे, ओले पुसून टाकत असे. एके दिवशी माझे पाय आत गेले. दुखले नाही. मग मी रोज जाऊ लागले. कोणी कौतुक केले नाही. करायला ताईबाई नव्हत्या.

नाना आता नाहीत. ते गेले तेव्हाही मला फार काही वाटले नाही. मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले आणि बसून राहिले. प्रमिलाने मला उठवले नाही. ती येऊन माझ्या शेजारी बसली.

मित्रांनो, तुमच्या घरातली मांजर एखाद्या दिवशी आपला डबा सोडून भलतीकडे गेली, तर केरसुणी उचलण्याआधी डब्याकडे एकदा वाकून पाहा. राख जुनी झाली आहे का, वास येतो का, तिथे तिला कशाची भीती वाटते का. मग तिच्या पोटाला हात लावून पाहा. आणि तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस सारखे उठून मोरीत जात असेल आणि कोणाकडे पाहत नसेल, तर त्यांच्या शेजारी बसा. दुखतंय का, असे हळू आवाजात विचारा. पहिल्यांदा ते नाही म्हणतील. उठू नका. पुन्हा विचारा.